आरती संपेपर्यंत इंजिन चालू

आमच्या घरी बोट आली ती भर उन्हाळ्यात. अकोल्यात तेव्हा नळ कधी येणार यावर सगळ्या कॉलनीचे बेत ठरत होते, कोणाकडे पाहुणे येणार असले तरी आधी पाण्याचा दिवस विचारला जात होता, आणि अशा दिवसांत आमच्या ह्यांनी ट्रकवर लादून बोट आणली. एका बंद पडलेल्या बोटक्लबाची. पांढरी, लांबलचक, अंगणात मावेना म्हणून तिच्यासाठी तुळशीवृंदावन सरकवावं लागलं. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, गीता वाचतात, निदान सकाळी फिरायला जाऊन इतरांची डोकी खातात. आमचे हे धरणावर पर्यटकांना फिरवणार होते.

ह्यांची सगळी नोकरी साहेबपणात गेली. साहेब म्हणाले की शिपाई, कारकून, ठेकेदार सगळे माना हलवत. इतकी वर्षं माना हललेल्या पाहिल्या की माणसाला वाटू लागतं, आपल्याला सगळंच कळतं. मी स्वतः अमरावतीला तंत्रनिकेतनात जन्मभर इंजिनं शिकवली, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. बोट घ्यायची की नाही हे मला कोणी विचारलं नाही. घेतल्यावर मात्र सांगितलं, "आता पूजेची तयारी कर."

एवढ्या उपद्व्यापात एकच गोष्ट मला पटण्यासारखी होती. सासूबाईंचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडचं, कौंडण्यपूरच्या समोरच्या काठाचं. लग्न होऊन आल्या त्या डोंग्यात बसून. पुढे रस्ते झाले, पूल झाले, माहेरी जाणं लांबच्या रस्त्यानं होऊ लागलं आणि मग माहेरचंच कोणी उरलं नाही. आता ऐंशीच्या पुढे त्यांनी एकच हट्ट धरला होता, "एक डाव पान्यावरून जाचं हाये मले." दुसरं काही मागणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. ह्यांनी साऱ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं की बोटीत पहिली आई बसणार, कार्तिकातल्या यात्रेची गर्दी ओसरली की कौंडण्यपूरला. गुडघे वाकत नसलेली म्हातारी भर नदीत जायची होती, आणि नेणार कोण तर हे.

पूजेला ह्यांचे हिवरखेडचे एक मित्र आले. काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी. ट्रॅक्टर, थ्रेशर, पंप सगळं बाळगून असल्यामुळे यंत्राच्या जातीचं काहीही असलं तरी त्यातलं आपल्याला कळतंच, असा त्यांचा समज. बोटीच्या मागे लटकणारा तो लोखंडी पाय पाहून त्यांनी त्याला थाप मारली आणि म्हणाले, "गिअरबॉक्सच हाये नं बावा."

गिअरबॉक्स त्यात होताच, पण तेवढंच नव्हतं. या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा फिरवणारा हा पाय बाहेर, पाण्यात. ट्रॅक्टरला असतो तसा रेडिएटर इथे नसतो. पाण्यात बुडालेला पाय खालून पाणी ओढतो, वर इंजिनकडे पाठवतो, आणि त्यावर इंजिन थंड राहतं. ओढायचं काम करतं रबराचं एक लहान चाक, तळहाताएवढं, पातीपातीचं. पाणी असलं तर ते वर्षानुवर्षं चालतं. कोरडं फिरवलं तर घासून, तापून बघता बघता जळतं. हे मी पूजेच्या आदल्या दिवशी ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "तुह्या पुस्तकातलं राहू दे."

मुहूर्तावर इंजिन सुरू झालं. पायाला हळदकुंकू, हार, लिंबू-मिरची, सगळा थाट होता. फक्त पाणी नव्हतं. नवीन गाडी घेतली की आमच्याकडे ती पूजेत चालू ठेवतात आणि आरती संपल्याशिवाय बंद करत नाहीत. मध्ये बंद पडली तर अपशकुन. स्कूटर असेल तर चालून जातं. आता वऱ्हाडातल्या लोकांना एका आरतीत समाधान नाही. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची सुरू झाली. मी "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडत होते. टाळ्यांच्या गजरात ह्यांनी मला हातानं थांब अशी खूण केली. रबर जळल्याचा वास आला तेव्हा शेजारणीनं विचारलं, कापूर कुठला आणला? मग दत्ताची आरती. ती अर्ध्यावर आली आणि बोटीनं आपणहून भोंगा दिला, सलग. तो इंजिन तापल्याचा इशारा होता. अंगणात सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. हिवरखेडकर तर गहिवरले. "पाहा, बोलली!"

मी आत जाऊन पडले. अशा लोकांपुढे डोकं दुखवून घेण्यात अर्थ नसतो.

पुढचं सगळं मला ठाऊक होतं तसंच झालं. पाऊसपाणी झाल्यावर जवळच्या धरणावर चाचणीला नेली, तर काठ सोडून थोडी आत गेली की तापमानाचा काटा चढे आणि भोंगा वाजू लागे. हे आणि हिवरखेडकर घरी आले ते तोंडं पाडून, पण मोठ्या आवाजात. भोंगाच बिघडला हे ह्यांचं निदान. वायरमन बोलावून त्याची वायर तोडली. घरात धूर झाला म्हणून ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा, तसं. भोंगा गप्प झाला. इंजिन तापायचं थांबलं नाही.

मग हिवरखेडकरांनी थर्मोस्टॅट काढून फेकला, कारण ट्रॅक्टर तापला की ते तसंच करतात. तरी तापलं. मग डिझेलमध्ये भेसळ निघाली. ती निघाली असं नुसतं ठरलं. मग गॅस्केट. अंगणात ताडपत्री टाकून इंजिनचं डोकं उतरवलं, ठणठणीत असलेलं गॅस्केट बदललं आणि दोघं नट घट्ट करत असताना मी चहा घेऊन गेले.

"पायातलं रबरी चाक जळलं आहे," मी म्हटलं.

"कावून जळंल?" ह्यांनी विचारलं.

"आरतीत जळलं."

हे असे चमकले, जणू मी देवाचं नाव घेऊन शिवी दिली. चाक जळलं म्हटलं की मुहूर्त चुकला, मुहूर्त चुकला म्हटलं की साहेब चुकले, आणि तिथे ह्यांचं इंजिन बंद पडतं. "पूजेनं कधी काही बिघडते काय?" म्हणाले. हिवरखेडकर माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "वहिनी, ते थिअरी झाली. आमी प्रॅक्टिकलवाले." दोघांच्या हाताला ग्रीस होतं, तेवढंच काय ते त्यांचं प्रॅक्टिकल. चहा पिऊन त्यांनी ठरवलं की बोट अशीच न्यायची. नदी काय, इकडून तिकडं जायची. तेवढ्यात काही होत नाही.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हे दोघं एकटे जाणार असते तर मी खुशाल डबे भरून दिले असते. पण मध्यावर इंजिन आखडलं, पावसाळ्यानंतरच्या नदीची ओढ, भोंगा मुका, आणि सासूबाई. त्या तर तयारीलाच लागल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं काढून वाळत घातलं होतं.

हे एका लग्नाला परगावी गेले आणि मी मुंबईहून कुरिअरनं नवीन चाक मागवलं, फेकलेल्याच्या जागी थर्मोस्टॅटही. पाना-पेटी माझी स्वतःची आहे. नट सोडवले, पायाचा खालचा अर्धा भाग अलगद उतरवला आणि पूजेच्याच पाटावर ठेवला. नटांच्या खाचांत अजून कुंकू होतं. पंपाचं झाकण उघडलं तर आत चाक कसलं, काळा, चिकट गोळा. पात्या मुळापासून तुटलेल्या. मला मनापासून आनंद झाला, लपवत नाही. ते जळकं चाक मी ताटलीत घालून देवघरासमोर ठेवलं, ह्यांना आल्या आल्या दिसावं म्हणून.

चाक नुसतं बदलून भागत नाही हे प्रॅक्टिकलवाल्यांना कळलं नसतं. तुटलेल्या पात्या जातात कुठे? पाण्याच्या वाटेनं वर चढतात आणि नळीत जिथे अरुंद जागा असेल तिथे अडकून बसतात. मग चाक नवीन असूनही पाणी कमी आणि इंजिन तापतंच. म्हणून मी एकेक नळी सोडली, तारेनं काढलेले तुकडे ताटलीत जुळवत गेले. सासूबाई ओट्यावर वाती वळत हे सगळं बघत होत्या. जुळवून झालं तेव्हा एक पाती कमी होती.

हे लग्नाहून परतले. ताटली पाहिली. तिच्यावरून नजर अशी फिरवली जणू प्रसाद खराब झाला आहे. म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यानं काय होते? लाव आता."

"तो सापडल्याशिवाय लावणार नाही."

"यात्रा होऊन गेली. आईले किती दिस थांबोतं?"

"आईंनाच विचारा."

सासूबाईंनी वात वळता वळता म्हटलं, "पाहू दे तिले." एवढंच. ह्यांनी हात झटकले आणि मोबाइल काढून मित्राला फोन लावला. मी बोटीत चढून इंजिनच्या बाजूच्या, तेल थंड करणाऱ्या कूलरची नळी सोडली. तिच्या तोंडाशी ती पाती आडवी बसली होती, इतकी नीट की कोणी मापानं कापून बसवावी. नवीन चाक लावूनही बोट भर नदीत तापली असती ती हिच्यामुळे.

नवीन चाक आणि थर्मोस्टॅट बसवून पाय परत जोडला. आता चालवून बघायचं होतं, आणि नळ येऊन गेलेला. आमच्या घरातलं साठवणीचं पाणी म्हणजे सासूबाईंचं राज्य. मागच्या ओसरीत झाकून ठेवलेले ड्रम. त्यातलं पाणी आंघोळीला जास्त घेतलं म्हणून त्यांनी स्वतःच्या जावयाला ऐकवलेलं आहे. मी पंखा काढून ठेवला, एक जुना ड्रम अर्धा कापून पायाखाली सरकवला आणि ओसरीकडे बघत उभी राहिले. मागायची माझी छाती नव्हती. सासूबाई उठल्या, भिंत धरत ओसरीत गेल्या आणि ड्रमावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "घे. पन सांडू नको," म्हणाल्या.

पाण्यात पाय बुडवून इंजिन सुरू केलं. मागून पाण्याची जाड धार ड्रममध्ये पडू लागली. काटा चढला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. भोंग्याची वायर मी आधीच जोडली होती. तो वाजला नाही. सांडलेल्या पाण्याबद्दल मात्र सासूबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या.

कौंडण्यपूरला गेलो तेव्हा यात्रेची दुकानं उठली होती. बोट पाण्यात सोडल्यावर ह्यांनी लगेच पिशवीतून ताम्हन काढलं. हिवरखेडकर घसा खाकरून तयार. सासूबाई लुगड्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून बोटीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आरती तिकून आल्यावर. आता चाला."

चौघं निघालो. सुकाणू अर्थात ह्यांच्या हातात, गॉगल लावून. हिवरखेडकर पुढच्या टोकाला. मी सासूबाईंच्या शेजारी, मला काटा दिसेल अशी. नदीच्या मध्यावर हे मागे न बघता ओरडून म्हणाले, "पाहा आई, कशी केली म्या बोट!" हिवरखेडकरांनी अंगठा दाखवला. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

पलीकडचा काठ आला. झुडपं, एक मोडका बांध, त्यापलीकडे कपाशी. उतरायचं का विचारलं तर नाही म्हणाल्या. "तथी कोन हाये आता?" काठाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, इंजिनच्या घरघरीत मलाच ऐकू येईल असं बोलू लागल्या.

"डोंग्यात बसली तवा लहान होती मी. पान्याचं भेव वाटे. 'मले उतरवा' म्हनून वरडत होती. सारे वाजंत्रीत, पूजेत. माह्या मायले आयकू जात होतं. तिनं हात जोडलेले होते, ते सोडले नाईत."

मी काट्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिशी अंगनात तू वरडत होती, बंद करा म्हनून. मले आयकू आलतं सारं." त्यांनी मनगटावरचा हात काढला नाही. "मी बी हात जोडूनच उभी राह्यली."

ह्यांनी बोट वळवली. "काय म्हनते आई?" त्यांनी ओरडून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही समोर बघा."