त्यांचं पन्नास, माझं शंभर

माझ्या घराला आणि माझ्या चुलतभावाच्या घराला एकच अंगण आहे. वाटणीत घरं दोन झाली, अंगण मात्र मधेच राहिलं, कारण ते सोडायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं. तो निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्याला गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. माझ्या तोंडून तो शब्द जरा वेगळा निघतो, हे त्यालाही माहीत आहे.

शिनोलीत घरोघरी इंटरनेटची वायर यायला लागली तेव्हा पहिली पेटी त्याच्या भिंतीवर बसली. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी बायकोला सांगितलं. माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. बेल्ह्याच्या बैलबाजारात एका दलालामागे दावी धरून उभा राहायचो, तिथून सुरुवात केली. बैल कमी होत गेले तसा मी ट्रॅक्टरवर आलो. माझ्या बाजूच्या अंगणात कायम दोन-तीन ट्रॅक्टर उभे असतात, आणि त्यांची गिऱ्हाइकं एकतर समोर असतात नाहीतर फोनवर. या धंद्याला वायर लागत नाही, आवाज लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे.

गुरुजींचं तसं नाही. ते हळू बोलतात, हळू चालतात आणि सगळे त्यांचं ऐकतात. लहानपणी मी बैलांमागे आणि तो पुस्तकांमागे. 'त्याच्याकडं बघ जरा,' हे वाक्य वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की आजही अंगणात गेलो की आधी नजर तिकडेच जाते. बघायचं नाही असं ठरवतो आणि तरी मी बघतोच.

माझी मुलगी अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीत लागली. मग कंपनीने तिला घरून काम करायला सांगितलं आणि ती खोली सोडून सामानासकट घरी आली. एवढा आनंद मला पहिला ट्रॅक्टर विकला तेव्हाही झाला नव्हता. पण आमचं घर डोंगराच्या आडोशाला. मोबाईलला एका कोपऱ्यात रेंज, दुसऱ्यात नाही. एकदा तिची मिटिंग मधेच तुटली. तिने लॅपटॉप उचलला, अंगण ओलांडलं आणि गुरुजींच्या घरात जाऊन बसली.

दोन दिवसांपुरतं म्हणून गेली, ती रोजच जायला लागली. गुरुजींनी खिडकीपाशी टेबल लावलं, वर पंखा बसवला. त्यांची स्वतःची पोरं पुण्यात असतात, सणावारालाच येतात. माझी पोरगी त्यांना आयतीच मिळाली. दुपारी माझी बायको डबा भरून तिकडे पोचवायची. वीस पावलांवर माझं घर, आणि माझी मुलगी डबा खाते!

स्टँडवरच्या हॉटेलात एकाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "काय राव, पोरगी गुरुजींकडं कामाला ठिवली का?"

हॉटेल हसलं. मी चहा तसाच टाकून आलो.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "या आठवड्यात आपल्याकडं वायर आली पाहिजे."

"मी मागच्या म्हैन्यापासनं तेच म्हंती," ती म्हणाली. "तवा तुमी म्हनालात, वायरीनं काय ट्रॅक्टर वढायचाय का."

आधी मी घोडेगावातून सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा डबा आणला. वायर नको, खांब नको, दुकानदार म्हणाला. खिडकीत ठेवला, गच्चीवर ठेवला, शेवटी ट्रॅक्टरच्या टपावर ठेवून पाहिला. डोंगर काही बाजूला सरकेना. दुकानात जाऊन असा काही आवाज लावला, की दुकानदाराने तो डबा परत घेतला आणि वर मला प्यायला पाणी दिलं.

राहिले वायरवाले. आपल्या भागात दोन होते. मी दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं. बाजारातला साधा नियम आहे: दोन विकणारे एकमेकांसमोर उभे केले की भाव आपोआप खाली येतो. मी खुर्च्यासुद्धा समोरासमोर मांडल्या होत्या.

दोघे एकाच मोटरसायकलवरून आले.

"हा माझा मेव्हणा," पहिला म्हणाला. "वड्याच्या अलीकडं माझं, पलीकडं ह्याचं. तुमी अलीकडं."

"मग हा कशाला आलाय?"

"च्या प्यायला," मेव्हणा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ही काय भाऊबंदकीची जमीन आहे का ओढ्याने वाटून घ्यायला? दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा प्यायला. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याचा राग कोणीही फुकट ऐकून घेतं. तरी मी सोडलं नाही. पेटी फुकट, बसवणावळ नाही, वर्षाचा प्लॅन घेतला तर वर दोन महिने, आणि बिघाड झाला तर त्याच दिवशी माणूस. एकेक गोष्ट ओढून घेतली. मेव्हणा मधून मधून माझ्या बाजूने बोलत होता. त्याचं काय जात होतं!

"स्पीड कितीचा टाकू?" पहिल्याने विचारलं. "एकट्या पोरीला तीस रगड झालं."

"गुरुजींचं किती?"

"पन्नास. आदी तीसच व्हतं. पोरगी त्यांच्याकडं बसाया लागली तवा त्यांनी वाढवून घेतलं. म्हनले, पोरीचं काम अडाया नको."

"कोणाच्या पोरीचं?"

त्याने मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्याने कप खाली ठेवला.

"माझ्याकडं शंभर टाका," मी म्हणालो.

"भाऊ, वापरणार कोन?"

"ते मी बघतो."

मग वायरीचा घोळ. गुरुजींच्या भिंतीवरच्या पेटीत जागा मोकळी आहे, तिथून चटकन जोडून देतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझ्या घरातलं इंटरनेट त्यांच्या भिंतीवरून येणार. मी म्हणालो, रस्त्यावरच्या खांबावरून वेगळी वायर आण.

"मधी चिच हाय. वाऱ्यानं फांदी हलली की वायर तुटंल."

"फांदी मी काढतो."

चिंच सामायिक आहे. त्याच फांदीखाली गुरुजी सकाळी पेपर वाचत बसतात. मी कुऱ्हाड घेऊन चढलो तेव्हा ते खालीच होते. वाटलं, आता बोलतील काहीतरी. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. त्यांनी नुसती खुर्ची उचलली, भिंतीच्या सावलीला नेली आणि पेपर पुढे वाचायला लागले.

वायर आली. आतल्या खोलीत टेबल आलं, गुरुजींच्या टेबलापेक्षा मोठं. मुलीने लॅपटॉपवर स्पीड लावून दाखवला. काटा सरकत सरकत शंभराला टेकला. मी तो तीनदा बघितला.

"पप्पा, मला एवढं लागत नाही," ती म्हणाली.

"लागंल," मी म्हणालो.

ती सोमवारी माझ्या घरात बसली. मंगळवारीही. मी अंगणात उगाचच दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि गुरुजींच्या रिकाम्या खिडकीकडे बघून घेतलं. बुधवारी दुपारी तिने लॅपटॉप काखेत मारला आणि चप्पल घातली.

"लाइन गेली का?"

"नाही."

"मग?"

ती जरा घुटमळली. "काल मिटिंगमधे आमच्या मॅनेजरने विचारलं, तुझ्यामागे कोण ट्रॅक्टर विकतंय. सगळे हसले. एकाने तर मॉडेल विचारलं. पप्पा, काकांकडं शांत असतं."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. याच आवाजाने तुझी फी भरली, हे त्यातलं त्यातल्या त्यात बरं वाक्य. ती ऐकत उभी राहिली. रागावलीसुद्धा नाही. कोणाकडून शिकली हे शांत उभं राहणं, ते मला कळत होतं आणि त्यानेच मी जास्त पेटत होतो.

"शंभराचं घेतलं म्हनं," बायको आतून म्हणाली. "पोरीला पळवायला तुमच्या तोंडाचा स्पीड बास झाला."

शेवटी मी मुलीला म्हणालो, "उद्या एक दिवस बस. आवाज आला तर जा."

"एक मिटिंग," ती म्हणाली. "उद्या अकराची. आवाज आला तर मग कायमची काकांकडं. परत विषय नाही."

पोरगी माझीच आहे. सौदा कुठे तोडायचा ते तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन बंद करून बायकोच्या हातात दिला. अकराला आतलं दार लागलं, आणि लगेच अंगणात जीप थांबली. मढ गावचे म्हातारे पाटील आणि त्यांचा जावई. महिनाभर मी ज्या ट्रॅक्टरचा सौदा ताणत होतो, त्याचं गिऱ्हाईक. उद्या या म्हटलं तर हे लोक वाटेत दुसरीकडे थांबतात, हे मला पक्कं माहीत. आणि तोंड उघडलं तर पोरगी गेली. मी हळू बोलायला जातो तेव्हा बायकोला वाटतं मी आजारी आहे.

मी तोंडावर बोट ठेवून दोघांना बाजेवर बसवलं. जावई म्हणाला, "घरात कोन सीरियस हाय का?"

मी नाही अशी मान हलवली आणि खांद्यावरचा टॉवेल म्हाताऱ्यांच्या हातावर टाकला.

म्हातारे मिशीत हसले. बैलबाजारात भाव कधी तोंडाने बोलत नसत. टॉवेलाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. किती बोटं धरली त्यावरून आकडा. भोवतीच्या लोकांना कळत नाही कोणी काय मागितलं. पाटलांनी आयुष्यभर तसेच बैल घेतले होते. त्यांचा हात टॉवेलाखाली आला आणि माझी बोटं त्यांनी अशी काही मोजकी धरली, की एरवी मी उठून शिव्याच दिल्या असत्या. मी त्यांचा अंगठा पिरगाळला. त्यांनी माझं मधलं बोट दाबलं. जावई एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्याकडे बघत होता.

"ह्यो काय परकार?"

"गप," म्हातारे कुजबुजले. "शीक जरा."

आतून मुलीचा आवाज येत होता, इंग्रजीत, न अडखळता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती कुठे थांबली नाही एवढं कळत होतं. ओरडून मी जे मिळवलं असतं ते बोटांनी मिळालं नाही. माझा निम्मा धंदा दमात असतो आणि दम टॉवेलाखाली दाखवता येत नाही. म्हाताऱ्यांनी मला दाबलं, आणि मी दबलो. शेवटी त्यांनी सौदा पक्का म्हणून तळहातावर टाळी दिली, तीही अलगद.

ट्रॅक्टर आम्ही तिघांनी ढकलत रस्त्यापर्यंत नेला आणि जावयाने तो पुढे जाऊन चालू केला. मागोमाग जीप गेली. दार उघडलं. मुलगी बाहेर आली, तिने अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली, "ट्रॅक्टर कधी गेला?"

"मगाशी."

ती हसली. लॅपटॉप टेबलावरच होता. तो तिथेच राहिला, आजही तिथेच असतो, आणि सकाळभर मी गिऱ्हाइकांना ओढ्याच्या पुलावर नेऊन बोलतो.

पण त्याच दिवशी काम संपल्यावर तिने तोंड धुतलं आणि अंगण ओलांडलं. हातात लॅपटॉप नव्हता, काहीच नव्हतं. मी ओट्यावरून विचारलं, "आता कशाला?"

"सहज," ती म्हणाली. "काकांना सांगते, मिटिंग चांगली झाली."

मिटिंग कशी झाली, हे मी तिला विचारलंच नव्हतं. तिकडे गुरुजींनी दुसरी खुर्ची बाहेर काढली, आणि ती त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायला लागली. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. एवढ्या लांबून एक शब्द ऐकू आला नाही.