बाबांचा रिमोट

आमच्या घरी संशय घेणं कुणी वाईट समजत नसे. बाबा दुधात पाणी, मापात पाप आणि पाहुण्याच्या हसण्यात मतलब शोधायचे. शहापूरजवळच्या त्या घरातून बाहेर पडून मी मेंदूशास्त्रात शिरले, तेव्हा हाच स्वभाव कामी आला. मेंदूत बारीक तारा बसवून हातापायांचा कंप थांबवायचा, हे माझं संशोधन. निकाल फार छान आला की मला पहिला संशय यंत्राचाच येतो.

मग बाबांनाच कंपवात झाला. त्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं ते बैलबाजाराचं. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या यात्रेत जुने व्यापारी अजूनही टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. थरथरत्या बोटांचा भाव कुणाला कळणार?

मुंबईत ऑपरेशन झालं. मेंदूत तार, छातीत बॅटरी आणि विजेचा जोर थोडा कमी-जास्त करायला एक छोटा रिमोट. तो माझ्याकडे राहिला. हात थांबला तेव्हा आईला रडू आवरेना. काही आठवड्यांनी मात्र तिने मला पडवीत बोलावून हळूच विचारलं, "आता ते कोनालाच काय बोलत नाय. दूधवाल्याला हसून चा पाजतात. काय घातलंय गो त्यांच्या डोक्यात?"

मलाही तेच खुपत होतं. विजेचा जोर जरा जास्त झाला तर काही माणसं उगाचच खुशीत राहतात, हे मला माहीत होतं.

यात्रेला मी त्यांच्याबरोबर गेले. व्यापाऱ्याने हातावर टॉवेल टाकला आणि मला बघून परत ओढून घेतला. "तुमची पोरगी मशीनवाली ना? तिला लांब उभी करा. बोटं तुमची नि भाव तिचा, असं नाय चालायचं."

मी मुकाट घोंगड्यांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. बाबांनी झटक्यात सौदा केला. बैलाचे दात बघितले नाहीत, त्याला चालवून बघितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "मानूस बरा वाटला." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिताना मी पर्समधला रिमोट दाबून विजेचा जोर कमी केला. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेतच, पण बाबांना न सांगता. थोड्या वेळाने त्यांचा चहा बशीत सांडू लागला. ते उठले. थरथरत्या हातांनी त्यांनी बैलाचा जबडा उघडला, खूर दाबून बघितले, त्याला अंगणभर फिरवलं. "बैलात खोट नाय," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ते डोळे माझ्या ओळखीचे होते.

"हात माझा, डोकं माझं. बटन कोनाला इचारून दाबलंस गो?"

मला लाज वाटली. तरी खरं सांगते, आनंदही झाला. माझे बाबा जागेवर होते. त्यांनी रिमोट मागून घेतला, कुठलं बटण कशाचं ते विचारून घेतलं. "आजपासून ह्यो माझ्याकडं. कोनाला द्यायचा नाय," असं बजावून त्यांनी स्वतःच जोर पुन्हा पहिल्यासारखा केला.

हळूहळू हात थांबला. कपाळावरची आठी गेली. ते बाजेवर बसले, हसले आणि रिमोट माझ्यापुढे धरला.

"ठेव गो तुझ्याकडं. तुझ्यावर नाय तर कोनावर इस्वास ठेवू?"

हात पुढेच होता, जराही थरथरत नव्हता. मी रिमोट घेतला नाही.