न विचारता आणलेला भाडेकरू

तुम्ही घरी नसताना मी तुमच्या ओसरीवर एक भाडेकरू आणून ठेवला आणि वर ‘हा तुमच्या स्वातंत्र्यासाठी आहे’ असं ऐकवलं, तर तुम्ही मला काय म्हणाल? नंदाताई मला “किरणराव” म्हणाल्या. एरवी नुसतं किरण म्हणायच्या.

इंदापुरात त्यांचं डीटीपी सेंटर होतं. मी बारामतीच्या एका दुकानातून कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो. चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला माणूस. सॉफ्टवेअर सगळ्यांचं असलं पाहिजे, असं मानणारा. त्या भरात सर्व्हिसिंगच्या वेळी ताईंच्या विंडोज ९८ शेजारी लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम टाकली. एका मशीनवर दोन सिस्टीम. सुरू करताना कुठली हवी ते निवडायचं, नाही निवडलं तर पाच सेकंदांनी लिनक्स. हा क्रम मीच ठरवला होता. लिनक्समध्ये त्यांचं मराठी टायपिंग चालत नव्हतं. ते मी क्रांतीचं किरकोळ नुकसान धरलं.

“काढा ते, किरणराव,” ताई म्हणाल्या. “रोज काळ्या पडद्यावर काहीतरी पळत बसतं. तात्या ताटकळतात.”

तात्या वरकुट्याचे. हयात मेंढरांमागं गेलेली, लिहिता येत नव्हतं. वर्षभर बाजारच्या दिवशी येऊन ते आपली कहाणी सांगत आणि ताई टाइप करत. एकशे दहा पानं, सगळी त्या एकाच हार्ड डिस्कवर. कागदावर एक ओळ नाही.

“माजं पुस्तक हाय त्यात,” तात्या म्हणाले.

“दहा मिनिटांचं काम आहे, तात्या.”

दहा मिनिटांच्या कामाला कॉपी कशाला काढायची? काढली नाही. लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, पुसलं. तिथं नवा डी ड्राइव्ह फॉरमॅट केला. मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दोन अक्षरं आली. LI. पुढं काही नाही.

झालं होतं असं. मशीन सुरू झालं की डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि तो सिस्टीमला उठवतो. तिथं मी लिनक्सबरोबर आलेला लिलो बसवला होता. तो उठताना आपलं LILO हे चार अक्षरी नाव लिहितो. त्याचं निम्मं सामान लिनक्सच्या कप्प्यात होतं. ते मी पुसलं, म्हणून तो निम्म्या नावावर अडकला.

हे मी घाम पुसत, घर आणि भाडेकरूचं उदाहरण देत समजावलं.

“म्हंजी राखणदार भाडेकरूचा हुता?” तात्या.

“हो.”

“मग मालकाचा राखणदार आधी उभा करायचा. नवं कुत्रं कळपाला रुळल्याबिगर आमी जुनं सोडत न्हाय. तू शिकलेला हायस न्हवं?”

उपाय होता. स्टार्टअप फ्लॉपीनं मशीन डिस्कशिवाय सुरू होतं. मग fdisk /mbr एवढी कमांड दिली की विंडोजचा राखणदार जागेवर येतो.

“ताई, विंडोजसोबत दिलेली फ्लॉपी?”

ताईंनी ड्रॉवरमधून काढून दिली. लेबलावर माझंच अक्षर: ‘सॉफ्टवेअर मुक्त का हवं? – पत्रक’. ती फॉरमॅट करून मीच त्यात माझं पत्रक भरलं होतं.

“वाचलंत का?” मी विचारलं. ही ती वेळ नव्हती.

“आता कशात वाचू?” ताई म्हणाल्या.

एसटीनं बारामती. दुकानात नवी फ्लॉपी केली. एसटीनं परत इंदापूर. तात्या जागचे हलले नव्हते. कमांड दिली, फ्लॉपी काढली, मशीन सुरू केलं. विंडोज आलं. ताईंनी फाइल उघडली आणि पहिली ओळ वाचायला लागल्या.

“पयली नगं. शेवटची वाच. हरवतं ते मागचंच हरवतं.”

“‘नीरा वलांडली आन् सगळी मेंढरं पल्याड आली.’”

“हाय,” तात्या म्हणाले आणि चहा सांगितला. दोनच कप. माझा ताईंनी वाढवला.

माझं तत्त्व अजून तेच आहे. पण तुमच्याकडे दोन सिस्टीमचं मशीन असेल, तर एक विनंती. दुसरी काढण्याआधी फायली फ्लॉप्यांवर उतरवा. स्टार्टअप फ्लॉपी करा आणि तिच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून ठेवा, म्हणजे माझ्यासारख्याला तिच्यावर काही लिहिता येणार नाही. आधी राखणदार बदला, मग कप्पा पुसा. ती फ्लॉपी आजच करा. पत्रक हवं असेल तर मागा, कागदावर देईन.