आधी ऐब, मग माल

माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि मोडायला निघाले होते खुद्द माझे अब्बा.

पोंभुर्ण्यात आमचं मध-चारोळीचं दुकान. अब्बांचा नियम एकच : ऐब लपवून माल विकला तर ती कमाई हराम! गिऱ्हाईक आलं रे आलं की सुरू. "मधात मेणाचे तुकडे आहेत, बाई. अन् चारोळी मागल्या सालची आहे." बाई निघून जायची, मी कपाळ बडवून घ्यायचो. (चार दिवसांनी तीच बाई परत यायची, पण ते मी अब्बांसमोर कशाला कबूल करू?)

एका निकाहात मी जिवती गावच्या नसीमला पाहिलं आणि माझी झोपच उडाली. पुढे तिचे वडील मला बघायला घरी आले. मी सतरंजीवर सारखा मांडी बदलत होतो. त्यांनी सहज विचारलं, "पोरगा कसा आहे, भाऊ?"

दुसरा कुठलाही बाप म्हणाला असता, हिरा आहे. अब्बांनी घसा खाकरला. ऐब सांगण्याआधी दुकानात रोज असाच खाकरतात ते!

"मेहनती आहे. पण घोरते."

"अब्बा!"

"चूप! मले वर जाऊन जवाब द्यायचा आहे. बारावीत दोनदा नापास झाला. रागावला का जेवत नाई, मंग मागच्या दारानं येऊन चोरून खाते."

पडद्याआडून अम्मी जोरात खोकली. अब्बांना वाटलं, काहीतरी सांगायचं राहिलं.

"हो, अन् उठताना गुडघा वाजते!"

मी पळ काढायला उठलो. कडाक!

नसीमचे वडीलही उठले. संपलं सगळं! आता जन्मभर मी, अब्बा आणि मेणाचे तुकडे.

"भाऊ," ते म्हणाले, "तीन घरं पाहून आलो. तिन्ही घरी हिरेच होते. पोरगा इथीच दिसला. नसीमले इचारतो, तिची मर्जी असली तं पक्कं."

नसीम हो म्हणाली. का म्हणाली, हे मला अजून कळलेलं नाही.

लग्नाला आता सहा वर्षं झाली. परवा अब्बा आपल्या इमानदारीच्या धंद्याबद्दल छाती फुगवून बोलत होते, तेव्हा नसीमनं त्यांना मध्येच थांबवलं. "बाकी सब ठीक, अब्बा. पण या एका सौद्यात तुमी निम्मे ऐब लपवले!"

अब्बा गडबडले. माझ्याकडे आपादमस्तक बघून पडलेल्या आवाजात म्हणाले, "लपवले नाई बेटी. तेव्हा मलेच ठाऊक नव्हते."