घासलेला स्टोव्ह

मुलुंडला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. दाराशीच एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते; त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. वस्तू उलटी करायचे, बुडावरचा कारखान्याचा शिक्का बघायचे आणि नाक उडवायचे. शिक्का ठळक असला की म्हणायचे, "नकली. जुना शिक्का इतका ठळक राहत नाही." पुसट असला की, "पुरावा काय?"

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. शिक्क्याशिवाय कोणी विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आम्ही पितळी स्टोव्ह नेला होता. तो जिथे बनला त्याच कारखान्यात बाबा कामाला होते. त्यांचा स्टोव्ह तिथे टेबलावर मांडलेला बघायचा, एवढीच आईची इच्छा.

"शिक्का गेलाय. घासला कोणी?" स्टोव्ह उलटा करून गृहस्थांनी विचारलं.

"मीच, काल, चिंच लावून," आई म्हणाली. "चारचौघांत काळा स्टोव्ह न्यायचा होय?"

"अहो आजी, मळ हाच तर पुरावा. तो तुम्ही धुऊन टाकलात. नाही ठेवता येणार."

आईने स्टोव्ह पिशवीत घातला. "मग तुमच्या घरची भांडी अगदी अस्सल असणार," ती म्हणाली.

गृहस्थ हसले नाहीत. "पुढचे या," म्हणाले.

रांगेतलं कोणीच पुढे सरकेना. घरून निघताना सगळ्यांनीच भांडी घासून आणली होती.