पिवळा रुमाल

अमेरिकेत मुलीकडे असताना एका रविवारी दुपारी जावयांबरोबर तिथला फुटबॉल पाहत होतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला एका धिप्पाड बचावपटूने आडवं केलं. चेंडू त्याच्या हातून नुकताच सुटला होता, आणि चेंडू सुटल्यावर त्याला पाडायचं नाही असा तिथला नियम. पंचाने पिवळा रुमाल टाकला, म्हणजे दंड.

“बाबा, हा अन्याय आहे! धावत आलेला माणूस मध्येच थांबणार कसा?” जावई ओरडले.

“आणि त्याची मान मोडली असती तर?” मुलगी म्हणाली.

मला दोघांचंही पटलं. पडलेला उठून चालू लागला. पाडणारा मात्र तिथेच आपल्या हातांकडे पाहत उभा राहिला. एवढं वजनदार शरीर ऐन वेगात आवरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

पुढच्या वेळी तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचला आणि क्षणभर कचरला. तेवढ्यात चेंडू लांब गेला, आणि जावयांच्या संघाच्या हातून सामनाही.

“पाडायला काय झालं होतं याला?” जावई चिडून म्हणाले.