वरच्या पात्यातली चीर

काही वर्षांपूर्वी धुळ्यात कॅरमबोर्ड दुरुस्त करणारा एक म्हातारा सुतार होता. मैदानावरच्या पोरांची धनुष्यंही तोच जुळवून द्यायचा. बोलायचा कमी. आधी बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायचा, कान लावायचा आणि मग डोळे मिटून "देखू" म्हणायचा.

मुलीच्या रविवारच्या तिरंदाजी निवड चाचणीसाठी मी दोंडाईच्याहून टोकं पुढे वळलेलं एक जुनं रिकर्व्ह धनुष्य विकत आणलं होतं. त्याने दोरी चढवली, मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर वितीने मोजलं, दोरीला आणखी पीळ देऊन पुन्हा मोजलं. मग मुठीच्या वरच्या लवचिक पात्यावर टकटक केली आणि कान लावला.

"हाई बरं नही शे, भाऊ. मजारथून चिरेल शे."

"आतून चीर असली तरी रविवारपुरतं जमवून द्या, नाना," मी म्हणालो. तो नको म्हणत राहिला, मी हट्ट सोडला नाही.

शेवटी तो उठला. "मंग पोरगीना पहिले मी ओढी देखस," म्हणाला आणि त्याने दोरी गालापर्यंत खेचली. पातं फुटलं. त्याची ढलपी त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

डोळा वाचला नाही. मुलीने त्यानंतर कुठल्याच धनुष्याला हात लावला नाही.

मी भेटलो की तो अजून विचारतो, "पोरगी खेळस ना?"

"खेळते," मी दर वेळी सांगतो. खरं सांगितलं, तर आपला डोळा कशापायी गेला, असं तो विचारेल.